एरोबारवर मान आणि कंबर दुखते: पॅड वर घ्या

निपाणीहून विचारताय, वय एक्केचाळीस, गोव्याच्या ७०.३ ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, मग पळणं) तयारी चालू, रोड सायकलवर क्लिप-ऑन एरोबार (कोपरं पॅडवर टेकून पुढं वाकून बसायच्या दांड्या) लावलेत, वीस मिनिटांत मान धरते आणि पाऊण तासात कंबर. सोबतचे म्हणतात सवय होईल. तर सवयीनं जाईल का, कुठलं स्ट्रेचिंग करू, की टीटी, म्हणजे टाइम ट्रायलची, सायकलच घेऊ, असे तुमचे तीन प्रश्न. "सवय होईल" हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

नुसत्या सवयीनं जात नाही. पॅड वर घ्या. किती वर? न दुखता तासभर बसता येईल इतके. दोन सेंटिमीटर लागले तर दोन, चार लागले तर चार.

धड आडवं झालं की रस्ता दिसायला डोकं मागं मोडावं लागतं. साडेचार-पाच किलोचं डोकं, त्यावर हेल्मेट, आणि ते मानेच्या मागच्या स्नायूंनी जराही न हलता धरून ठेवायचं. पाय फिरत असतात म्हणून त्यांत रक्त खेळतं, मानेला ती सोय नाही. कंबरेचं कारण वेगळं. ओटीपोटाचं हाड सीटवर पुढं कललं नाही, तर खाली वाकायचं सगळं काम कंबरेच्या मणक्यांवर येतं, पाठीला पोक येतो आणि तशा पोक काढलेल्या पाठीवर तुम्ही तासभर पॅडल मारता. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या शॉपमध्ये नवा पोरगा कास्टिंग उचलायला आला की पहिल्या दिवशी हेच सांगतात, खुब्यातून वाक, कंबरेतून नको. सायकलवरही तेच.

आता माझं सांगतो. माझा चुलतभाऊ आहे, आम्ही सगळे आण्णा म्हणतो. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केलेला माणूस, मान आणि खांदा वेगळा काढता येणार नाही असा. मला सायकलवर आणला त्यानंच, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्याचं नाव घेईन. पण त्याचं एक ठाम मत आहे, जो खाली बसला तो फास्ट. मोठ्या शहरातल्या एका दुकानात पैसे मोजून माझं फिटिंग, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला बसवून घेणं, झालं होतं, तिथं पॅड आधीच खाली बसवून दिले होते. आण्णानं पॅडखालचे उरलेले स्पेसरही (उंची वाढवायचे तुकडे) काढायला लावले. "काढून टाक रे ते, मर्दासारखं बस की." पुढं माझी मान तर गेलीच, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. मी टर्नर आहे. लेथवर मापं घेताना बोटांना मुंग्या आल्या तर माझं पोट चालत नाही. एका डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले सायकल सोडा, सकाळी चालायला जावा. म्हणजे एकजण म्हणतो सोस, दुसरा म्हणतो सोड. मी सायकलवर बसतो कसा, हे दोघांपैकी एकानंही बघितलं नव्हतं.

शॉप सुटल्यावर मालकाला विचारून लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा रॉड लावला. फेसिंग केलं, भोक मारलं, पंधरा-पंधरा मिलिमीटरचे स्पेसर कापले, प्रत्येक बोल्टला एकावर एक दोन-दोन. म्हणजे तीस मिलिमीटर वर. जुन्यापेक्षा तेवढेच जास्त लांब एम-सिक्सचे (सहा मिलिमीटर जाडीचे) हाय टेन्सिल बोल्ट आणले. इथं लक्ष द्या, स्पेसर घातले आणि बोल्ट जुनेच ठेवले तर आत आटेच धरत नाहीत. अ‍ॅल्युमिनियममध्ये एम-सिक्सचे निदान नऊ-दहा मिलिमीटर आटे बसायला हवेत, नाहीतर एखाद्या खड्ड्यात पॅड हातात येईल. मग सीट दोन सेंटिमीटर पुढं सरकवली. रोड सायकलच्या सीट ट्यूबचा कोन त्र्याहत्तर अंशांच्या आसपास असतो, टीटी सायकलचा शहात्तर-अठ्ठ्याहत्तर आणि त्याच्याही वर. रोड सायकलवर नुसते एरोबार लावून सीट जागच्या जागी ठेवली तर मांडी पोटाला भिडते, खुबा बंद होतो आणि मग कंबर वाकल्याशिवाय राहतच नाही. सीट पुढं घेतली की पायाचं अंतर कमी होतं, म्हणून ती थोडी वरही घेतली, आणि तिचं नाक एक-दोन अंश खाली.

आण्णानं बघितलं आणि म्हणाला, "हे काय करालायस? आता पुढं बास्केट पण लाव."

त्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही पी.बी. रोडनं, म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेनं, निपाणीला गेलो. जाताना आण्णा पुढं, मी मागं. तवंदी घाट उतरून चहा घेतला आणि परतलो. संकेश्वरच्या पुढं वारं तिरकं समोरून लागलं. हत्तरगीच्या अलीकडंच आण्णा पॅडवरून उठून हूडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, आला. पुन्हा खाली गेला, पुन्हा उठला, शेवटी उठलेलाच राहिला. मी वंटमुरी घाट लागेपर्यंत पॅडवर होतो आणि तो मागं दिसतही नव्हता. घाटात त्यानं मला गाठलं, ते खरं, पण चढाला वेग कमी, तिथं एरोचा, म्हणजे हवा कापण्याचा, फारसा संबंध येत नाही. आजही विषय निघाला की तो म्हणतो, "त्या दिवशी वारं होतं." आण्णा, वारं होतं म्हणूनच तर खाली राहायचं होतं! हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर हवेसाठीच तेहतीस टक्के जास्त जोर. दोन बोटं खाली बसून जे मिळतं, ते दर पाच मिनिटांनी छाती वर काढून बसलात की सगळं जातं, वर आणखी जातं.

आण्णाचा हुकमी पत्ता म्हणजे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंड. १९८९ चा टूर द फ्रान्स, शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध. लेमंड पन्नास सेकंद मागं होता, एरोबार लावून बसला आणि पुढं असलेल्या फिन्योंला हरवून आठ सेकंदांनी टूर जिंकला. सगळं खरं. पण ती टाइम ट्रायल २४.५ किलोमीटरची, लेमंडनं सत्तावीस मिनिटांच्या आत संपवलेली. तुम्हाला गोव्यात ९० किलोमीटर काढायचे आहेत आणि उतरून २१ पळायचंय. लांब पल्ल्यात मानेचं काय होतं ते रेस अ‍ॅक्रॉस अमेरिकावाल्यांना, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलनं ओलांडणाऱ्यांना, विचारा. १९८३ च्या रेसमध्ये मायकेल शर्मरची मान अशी गेली की डोकं वर राहीना. त्या दुखण्याला आजही त्याच्याच नावानं ओळखतात. हीच रेस २०१७ मध्ये आपल्या नाशिकच्या श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरच्या अमित समर्थ यांनी एकट्यानं पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. तेवढं अंतर मर्दानगीवर निघत नाही, टिकेल अशा बैठकीवर निघतं.

आण्णाची एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. त्याची मान तालमीत तयार झालेली आहे, म्हणून त्याला खाली बसणं माझ्यापेक्षा जास्त वेळ जमतं. मान कमवावी लागते. पलंगावर पालथं झोपून डोकं काठाबाहेर काढा, पाठीच्या रेषेत धरा, थांबा, सोडा. उताणं झोपून हनुवटी आत ओढा. गुडघ्या-हातांवर येऊन उजवा हात डावा पाय लांब करा, मग उलट. हलक्या वजनानं डेडलिफ्ट शिका, पण शिकवणारा समोर उभा असताना. तालमीतला मानेचा पूल (डोकं जमिनीला टेकवून अंग उचलायचं) मात्र या वयात नव्यानं सुरू करू नका, आण्णानं सांगितलं तरीही.

स्ट्रेचिंगचं विचारलंय. मांडीच्या मागची शीर आखडलेली असेल तर ती ताणा, बाकी नुसत्या स्ट्रेचिंगवर माझा विश्वास नाही. पॅडवर बसल्यावर खांदे कानांपासून खाली सोडा, मान त्यांत ओढून घ्या आणि रस्ता डोळे वर करून बघा, हनुवटी वर करून नको. चष्मा आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. वरची फ्रेम जाड असेल तर ती नजरेच्या आड येते आणि तुम्ही नकळत मान आणखी मोडता. वरून उघडी काच घ्या. ट्रेनरवर (घरात सायकल लावून चालवायच्या स्टँडवर) पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्याला थोडं वाढवा. आणि रेसमध्ये दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून कंबर मोकळी करायला लाजू नका, त्याला दहा सेकंद लागतात.

टीटी सायकल आत्ता घेऊ नका. या सायकलवर तासभर बसता आलं की मग विचार करा.

हातात मुंग्या राहत असतील, पकड ढिली पडत असेल, कंबरेची कळ पायात उतरत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर, आणि त्यांना सायकलवर बसलेला फोटो दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा किंवा तिथली जाणीव कमी वाटली तर त्याच दिवशी जा. एरोबारवर ब्रेक हाताशी नसतो, म्हणून ग्रुपमध्ये, गावातून आणि सर्व्हिस रोडच्या तोंडाशी पॅडवर बसू नका. आपल्याकडे उसाच्या हंगामात हायवेवर ट्रॉल्या असतात, त्या वळताना हात दाखवत नाहीत.

स्पेसर मी करून देईन, पैशाचा प्रश्न नाही. सध्याच्या बोल्टची लांबी, दोन भोकांमधलं अंतर आणि पॅडखाली आत्ता किती मिलिमीटर आहे ते मोजून लिहा. व्हर्नियर नसेल तर तिथल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोजून घ्या, पट्टीनं नको.