बुजऱ्या माणसाने विमा ब्रोकर व्हावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘वाणिज्य शाखेची पदवी आहे, विमा ब्रोकर व्हायचं मनात आहे, पण चारचौघांत बोलायला जमत नाही. माझा निभाव लागेल का? सुरुवात कशी करू? बस्तान बसायला किती वर्षं लागतील?’

निभाव लागेल. एवढ्या खात्रीने सांगतेय, कारण ‘तुला बोलता येत नाही, तू या धंद्यातली नाहीस’ हे मी सहा वर्षं ऐकलंय. पहिल्या नोकरीतल्या आमच्या साहेबांकडून, दर वर्षी पगारवाढीच्या वेळी.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. पण जिभेवर इतका विश्वास की समोरचा माणूस पॉलिसी न वाचताच सही करायचा आणि साहेबांना त्याचा अभिमान वाटायचा. ‘सगळं कव्हर आहे, तुम्ही निर्धास्त राहा’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागची फाइल आम्ही सांभाळायचो.

चौथ्या वर्षी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या विम्याचं रिन्यूअल माझ्या टेबलावर आलं. साहेबांनी मालकांशी गप्पा मारता मारता ते पक्कं केलेलं होतं, मागच्याच रकमेवर आणि मागच्याच अटींवर. मला फक्त कागद पुरे करायचे होते. सहीसाठी कारखान्यात गेले तर मालक यायला तासभर अवकाश होता. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्या तासात अकाउंटंटशी ओळख वाढवून आणखी एखादी पॉलिसी गळ्यात मारून आला असता. मला ते जमत नव्हतं, म्हणून मी गोदामात जाऊन उभी राहिले. स्टोअरकीपर रजिस्टर भरत होते. वयस्कर गृहस्थ, त्यांनाही फारसं बोलायला आवडत नसावं. मालाच्या नोंदी बघू का म्हटलं, तर काही न विचारता त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

त्यात दिसलं की माल विम्याच्या रकमेपेक्षा बराच जास्त आहे. हिशेबाच्या सोयीसाठी माल १०० चा आणि विमा ७० चा धरा. दुसरी गोष्ट रजिस्टरात नव्हती, डोळ्यांना दिसत होती. आमच्या प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, ‘कागद व पुठ्ठा’ एवढंच लिहिलेलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पटकन पेट घेणाऱ्या थिनरचे ड्रम रचलेले. त्यांनी वर्षभरापूर्वी छपाई स्वतःच सुरू केली होती. मालकांनी काही लपवलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

ऑफिसात परतल्यावर मी दोन मेल लिहिले. थिनरबद्दलचा विमा कंपनीला, मालकांना प्रत. कंपनीने थोडा जास्त प्रीमियम लावला आणि थिनरचा साठा पॉलिसीत नोंदवून घेतला. साहेब भडकले. ‘ग्राहकाचा प्रीमियम वाढवणारी ब्रोकर आजवर पाहिली नव्हती,’ म्हणाले. दुसरा मेल मालकांना होता, विम्याची रक्कम वाढवा असा, आकड्यांसकट. उत्तर आलं नाही. साहेब म्हणाले, ‘आता त्या विषयात पडू नकोस, हातचं रिन्यूअल जाईल.’ आणि मी पडले नाही.

आठ महिन्यांनी त्या गोदामाला रात्री आग लागली.

मी सकाळी पोहोचले तेव्हा जळलेल्यापेक्षा भिजलेला माल जास्त होता. कागदाची रिळं पाणी पिऊन फुगली होती. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरच्या मदतनिसाने भिजलेला माल वेगळ्या यादीत टाकायला सुरुवात केली तेव्हा मी तिथेच थांबवलं. आग विझवायला मारलेल्या पाण्याने झालेलं नुकसान आगीचंच धरतात, हा या धंद्यातला जुना, पक्का नियम आहे. पण तो त्या क्षणी, त्या चिखलात उभं राहून कोणीतरी सांगावा लागतो. पुढचे तीन आठवडे मी आणि ते स्टोअरकीपर रोज बसलो. खरेदीची बिलं, गेटपास, आवक-जावक, एकेक नोंद जुळवली. नुकसान ४० चं निघालं.

मग सर्व्हेअरने विचारलं, ‘हे थिनर कंपनीला कळवलं होतं?’ मी कागद पुढे केला. त्यांनी तारीख पाहिली आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. तो कागद नसता तर अख्खा क्लेम नाकारायला कंपनीला आधार मिळाला असता. विम्याचा करार उभाच असतो तो दोघांनी एकमेकांना महत्त्वाचं सगळं सांगण्यावर. १७६६ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ‘कार्टर विरुद्ध बोहम’ खटल्यात हे तत्त्व मांडलं. सुमात्रातला एक किल्ला फ्रेंचांनी घेतला होता, त्याच्या विम्याचा तो खटला. निकाल विमाधारकाच्या बाजूने लागला, कारण जे विमा देणाऱ्याला ठाऊक आहे किंवा ठाऊक असायला हवं, ते सांगितलं नाही म्हणून त्याला हात वर करता येत नाहीत. हे दुसरं अर्धं फार कमी लोक वाचतात. ब्रोकरने वाचलं पाहिजे.

रकमेच्या बाबतीत मात्र अ‍ॅव्हरेज लागला, म्हणजे विमा जितका कमी तितकी त्याच प्रमाणात भरपाईही कमी. १०० च्या मालाला ७० चा विमा, म्हणजे उरलेल्या ३० चा विमा देणारे तुम्ही स्वतः. म्हणून ४० च्या नुकसानाचे २८ मिळाले, १२ गेले. मालक साहेबांना म्हणाले, ‘तुम्ही तर म्हणाला होतात सगळं कव्हर आहे.’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा मेल काढून दिला. मालकांनी तो शांतपणे वाचला आणि मला विचारलं, ‘मॅडम, दिवसाला शंभर मेल येतात. एक फोन का नाही केलात?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर हे होतं की फोन करायची भीती वाटत होती, आणि साहेबांनी मनाई केली तेव्हा आतून बरंच वाटलं होतं.

म्हणून तुम्हाला सांगते, बुजरेपणाची काळजी करू नका, पण त्याच्या आड लपूही नका. बडबड करणाऱ्यांचं या धंद्यात काही अडत नाही ही खरी गोष्ट आहे, पण अडत नाही ते क्लेम येईपर्यंत. या धंद्याने बाळसं धरलं लंडनमध्ये, १६८० च्या दशकातल्या एडवर्ड लॉइड यांच्या कॉफी हाउसात. जहाजाची जोखीम एका कागदावर लिहायची आणि तिच्याखाली पैसेवाल्यांनी आपापली नावं आणि वाटा लिहायचा. ‘खाली लिहिणारा’ म्हणून तो अंडररायटर. हातात तो कागद घेऊन एकेकाकडे फिरणारा तो ब्रोकर. कागदावर जे नाही ते विमा नाही, हे तेव्हापासून आहे. साहेबांना हे मी कधी तोंडावर म्हणू शकले नाही, आज म्हणते: लोकांना निर्धास्त करणं हे ब्रोकरचं काम नव्हतंच. न आवडणारी गोष्ट सही होण्याआधी सांगणं हे होतं. दोन वाक्यांत सांगता आली तरी पुरते.

आता सुरुवातीचं. परीक्षा, प्रशिक्षण, परवाना हे जिथे काम करणार तिथल्या नियामकाच्या नियमांत नीट लिहिलेलं असतं, ते वाचा. स्वतःची फर्म काढायची घाई करू नका. आधी एखाद्या ब्रोकिंग कंपनीत क्लेम विभागात जागा मागा. तिथे कोणी जायला तयार नसतं, त्यामुळे मिळते. विक्रीत दहा वर्षं घालवून पॉलिसीची भाषा जितकी कळत नाही तितकी दोन वर्षांत क्लेममध्ये कळते. प्रत्येक पॉलिसीतलं ‘काय मिळणार नाही’ हे पान आधी वाचायची सवय लावा.

पैशाचं सांगायचं तर पहिली वर्षं ओढाताणीची. कमिशन बहुतेक ठिकाणी प्रीमियमच्या टक्क्यांवर असतं, म्हणून कमाई हळूहळू रिन्यूअल साठत गेली की वाढते. आणि हेही डोळे उघडे ठेवून बघा: एजंट कंपनीचा माणूस, ब्रोकर ग्राहकाचा, पण त्या ग्राहकाच्या माणसाला पैसे बऱ्याचदा कंपनीच देते. प्रीमियम वाढला की आपलंही कमिशन वाढतं. त्यामुळे रक्कम वाढवा म्हणताना ग्राहकाला शंका येते आणि ती रास्त आहे. म्हणून आकडे त्याच्याच रजिस्टरातले दाखवायचे.

हे सगळं मी कारखाने, गोदामं, जहाजी माल यांच्या विम्यावरून लिहितेय. आयुर्विमा आणि घरगुती पॉलिस्यांमध्ये बोलण्याला जास्त महत्त्व असेल, तिथला अनुभव मला नाही. गाडीच्या विम्यासारखी साधी कामं तर लोक आता स्वतःच ऑनलाइन करतात. आणि न सांगितलेल्या गोष्टीमुळे अख्खा क्लेम बुडणं सगळीकडे सारखं नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या इन्शुरन्स अ‍ॅक्टनंतर, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने लपवलं नसेल आणि कंपनीने जास्त प्रीमियम घेऊन विमा दिलाच असता, तर क्लेम प्रमाणात कापतात. स्वतःच्या चुकांसाठी ब्रोकरलाही विमा घ्यावा लागतो, तो आहे का हे नोकरी धरण्याआधी पाहून घ्या.

तो कारखाना पुढे साहेबांकडून निघून माझ्याकडे आला, अजून आहे. दर रिन्यूअलच्या आधी मी गोदामात जाते, मेल पाठवते आणि त्याच दिवशी फोन करते. फोनच्या आधी अजूनही घसा कोरडा पडतो.

मुलाखतीला जाल तेव्हा एकच विचारा: तुमच्याकडे क्लेम कोण बघतं? ‘ते ग्राहक आणि सर्व्हेअर बघून घेतात’ असं म्हणाले तर तिथे जाऊ नका. मी हा प्रश्न विचारला नव्हता.