कॉमर्स न शिकलेल्या माणसाने कंपनीचा ताळेबंद वाचायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही फूड टेक्नॉलॉजीवाले, रत्नागिरीकडच्या आंबा कॅनिंगच्या कंपनीत बढती मिळाली, आता दर बैठकीत हिशेबाची फाईल पुढ्यात येते आणि तुम्ही नुसती मान डोलावता. कोर्स करावा का, असं विचारलंय. मीही असाच मान डोलावणारा होतो. मेकॅनिकल इंजिनियर, वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात चौदा वर्षं.

एका ऑगस्टात मार्चअखेरचा हिशेब तयार होऊन आला. निव्वळ नफा १८ लाख. चतुर्थी आठवड्यावर आलेली आणि कामगारांचे पगार थकलेले. काजूबी फोडणाऱ्या बायका मला विचारत होत्या, "नफो झालो तर पैसे खंय गेले?" मी तोच प्रश्न घेऊन आमच्या हिशेबनीस काकांकडे गेलो. ते म्हणाले, "सायबानू, नफो गोदामात पडलो हा." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी एका जुन्या चलनाच्या पाठीवर आकडे मांडले (इथे गोल करून देतोय).

नफा १८ लाख. त्यात घसारा (यंत्रांची झीज म्हणून दरवर्षी धरलेली रक्कम) ९ लाख परत मिळवायचा, कारण तो फक्त कागदावरचा खर्च, खिशातून काही गेलेलं नसतं. झाले २७. पण गेल्या मार्चपेक्षा या मार्चला गोदामातला माल ४० लाखांनी जास्त, आणि व्यापाऱ्यांकडची उधारी ११ लाखांनी जास्त. तेवढा पैसा तिथे अडकलेला, म्हणून २७ मधून ५१ वजा, धंद्यातून आलेली रोकड उणे २४ लाख. वर नवा ड्रायर ८ लाखांचा, कर्जाच्या हप्त्यांतलं मुद्दल ६ लाख. एकूण ३८ लाखांचा खड्डा. मग काकांनी ताळेबंदात (कंपनीकडे काय आहे आणि देणं किती, ते दाखवणारं पान) सीसी खात्यावर बोट ठेवलं. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, मर्यादेपर्यंत हवी तशी घेता येणारी बँकेची उचल. वर्षभरात ती बरोबर ३८ लाखांनी वाढली होती.

ड्रायर आणि मुद्दल हे दोन्ही नफा-तोटा पत्रकात दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तिथे हप्त्यातलं फक्त व्याज येतं आणि यंत्राचा फक्त घसारा. पैसा मात्र पूर्ण जातो. मोठ्या कंपन्यांच्या अहवालात हीच मांडणी रोख प्रवाह पत्रक म्हणून तयार मिळते. कायद्याने छोट्या कंपन्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक वेळा ती स्वतःच करावी लागते. दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा (मागच्या वर्षाचे आकडे त्याच पानावर असतातच) आणि फक्त फरक लिहा. अर्ध्या तासाचं काम.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. तुम्ही कारखान्यातले आहात, सीए नाहीत, हे वाचताना कामाला येतं. अखेरचा शिल्लक माल हा नफ्याचा सगळ्यात मऊ आकडा. विकलेल्या मालाची किंमत म्हणजे सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा अखेरचा माल. अखेरचा माल १२ लाखांनी फुगवला की नफा तेवढाच फुगतो, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा सुरुवातीचा माल होऊन उलटतो. मी एकदा यादी घेऊन गोदामात शिरलो. मागच्या भिंतीला लागून बीच्या गोणी होत्या, पागोळीचं पाणी आत झिरपून खालचे थर काळे पडलेले. हात घातला तर बी ओलसर, वास कुबट. यादीत त्याच गोणी चांगल्या बीच्या भावाने धरलेल्या. नियम असा की माल खरेदी-खर्चाच्या किंवा विकून हाती येईल त्या रकमेच्या, जी कमी असेल त्या किमतीला धरायचा. ऑफिसात बसलेल्या माणसाला तो काळा थर दिसत नाही. तुम्हाला फुगलेला डबा लांबून ओळखता येतो. तेव्हा फाईल उघडली की नफ्याकडे न जाता आधी मालाच्या ओळीकडे जा.

तुमच्या धंद्यात आणखी एक खोच आहे. ताळेबंद हा ३१ मार्चचा, त्या एका दिवसाचा. कॅनिंगचा आंबा खरा पडतो मेमध्ये. म्हणजे ३१ मार्चला तुमचं गोदाम वर्षातलं सगळ्यात रिकामं, सीसी सगळ्यात खाली, सगळं कसं आटोपशीर. पाडव्याला सारवलेलं अंगण बघून पावसाळ्यातल्या चिखलाचा अंदाज येत नाही. बैठकीत ३० जूनचे आकडे मागा: रसाचे किती डबे, सीसी मर्यादेच्या किती जवळ, डब्यांच्या आणि साखरेच्या व्यापाऱ्यांचं देणं किती. आमचं निराळं. बी मार्च ते मेमध्ये घ्यावी लागते आणि गर दिवाळीपर्यंत विकतो, त्यामुळे आमचा मार्च अर्ध्या खरेदीत सापडतो. आंबा आणि काजूच्या ताळेबंदांची तुलना म्हणूनच फसते.

उधारी बघताना नुसती बेरीज बघू नका, तिचं वय बघा. कंपन्यांना आता ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये येणं किती जुनं ते तुकड्यांत दाखवावं लागतं: ६ महिन्यांच्या आतलं, वर्षाच्या आतलं, थेट ३ वर्षांवरचं. ३ वर्षांवरच्या रकान्यात मोठा आकडा असेल आणि त्यासाठी तरतूद (बुडेल म्हणून आधीच नफ्यातून वजा केलेली रक्कम) शून्य असेल, तर तो नफा कोणाच्या तरी आशेवर उभा आहे. ऑडिटरच्या अहवालात 'अमुक बाब वगळता' असे शब्द आले तर तो परिच्छेद सावकाश वाचा, बाकीचा बहुतेक साचा असतो.

नावे-जमाच्या (डेबिट-क्रेडिटच्या) फंदात मात्र आत्ता पडू नका. पासबुकातलं जमा आपल्या वहीत नावे का, यावर मी दोन रविवार घालवले. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, एवढंच त्याचं उत्तर आहे.

कोर्स करा, पण एक हंगाम असा वाचून झाल्यावर. तेव्हा घसाऱ्याच्या पद्धती शिकवताना तुम्हाला झोप येणार नाही. तुमचा स्वतःचा बॉयलर डोळ्यांपुढे असेल.