वाचक विचारतात : स्नोबोर्ड सपाटीवरच का पाडतो?

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. यंदा ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये स्नोबोर्ड (दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावर घसरणं) शिकायला लागलो. उतारावर कसंबसं निभावतं. पण जवळजवळ सपाट वाट लागली, की काही कळायच्या आत दाणकन आपटायला होतं. असं का?

उत्तर : बोर्डाच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. उतारावर आडवे घसरताना वरच्या बाजूची धार बर्फात रुतलेली आणि खालची किंचित उचललेली हवी. सपाटी आली की माणूस निवांत होतो, बोर्ड पूर्ण सपाट टेकवतो. त्यात बोर्ड जरासा जरी आडवा घसरत असला, तर खालची धार बर्फात अडकते. बोर्ड जागीच थांबतो, तुम्ही मात्र थांबत नाही. तोंड खाली दरीकडे असेल तर गुडघ्यांवर आणि हातांवर पडाल. पाठ दरीकडे असेल तर माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू आपटते. हेल्मेट हवं ते यासाठीच.

उपाय असा, की सपाटीवरही टाचेकडची किंवा चवड्याकडची, कुठली तरी एक धार हलकी दाबलेली ठेवा. गुडघे वाकलेले, नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरवर. पायांकडे पाहिलंत की कंबर वाकते आणि तोल जातो.

वळतानाही हाच घोटाळा होतो. बोर्ड अजून आडवाच असताना लोक धार बदलतात. आधी वजन पुढच्या पायावर द्या, बोर्डाचं टोक सरळ खाली वळू द्या आणि मगच दुसरी धार लावा. भीतीने मागच्या पायावर रेलाल तर टोक वळतच नाही. हे बसेपर्यंत एकाच धारेवर डावीकडे-उजवीकडे झाडाच्या पानासारखं तरंगत उतरायचा सराव करा, तोही निळ्या पाटीच्या, म्हणजे सोप्या उतारावरच.

पडताना तळहात टेकू नका. स्नोबोर्डवर मनगटं मोडतात ती तशीच. मुठी वळून कोपरापुढचा हात टेका, मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावा. मनगटाचे गार्ड वापराच. बोर्ड भाड्याचा असेल तर दोन्ही टोकांकडची धार थोडी बोथट करून द्यायला दुकानदाराला सांगा. अडकणं कमी होतं.

प्रश्न : टी-बार लिफ्टवर (टी-आकाराच्या दांड्याने उतारावर ओढत नेणारी लिफ्ट) दरवेळी पडतो. काही युक्ती?

उत्तर : त्या दांड्यावर बसू नका, तो फक्त ओढतो. मागचा पाय बाइंडिंगमधून (बूट बोर्डाला बांधणारी पकड) मोकळा करून दोन बाइंडिंगांच्या मधल्या खरखरीत पट्टीवर ठेवा, दांडा पुढच्या मांडीच्या मागे आत अडकवा आणि बोर्ड सरळ चाकोरीत राहू द्या. सुरुवातीचा हिसका गुडघ्यांत जिरवा. पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला व्हा, मागून पुढची जोडी येतच असते. जमेपर्यंत चेअरलिफ्ट असलेला भाग निवडणं सगळ्यात शहाणपणाचं.

प्रश्न : भाड्याच्या बुटात पाय फार दुखतो. मोठा नंबर घ्यावा का?

उत्तर : बहुधा उलटंच असतं. बूट मोठा, म्हणून टाच उचलली जाते, म्हणून तुम्ही करकचून आवळता आणि पाय दुखतो. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर मागे सरावीत. मोजा एकच, पातळ. दोन चढवले तर घड्या टोचतात.

प्रश्न : फेब्रुवारीत मुंबईहून इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत स्नोबोर्डिंगला जातोय. नेहमीचा प्रवास विमा चालेल?

उत्तर : पॉलिसीत हिवाळी खेळ वगळलेले नाहीत ना, हे आधी वाचा. शिवाय इटलीत 2022 पासून दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा उतारावर सक्तीचा आहे. तो नसेल तर लिफ्टचा पास काढतानाच घेता येतो.