ओपन सोर्समध्ये मेंटेनर इतकं तोडून का बोलतात? पहिल्याच पॅचवर अपमान झाला तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मुंबईत कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, ॲपच्या यादीत जागा कमी पडली की मराठी नावं भलत्याच ठिकाणी तुटतात, ‘लक्ष्मण’चं ‘लक्’ होतं. ते दुरुस्त करून तुम्ही पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवलात. मुख्य मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, उत्तर दिलं की हे एकाच लिपीपुरतं आहे, टेस्ट एकही नाही, आणि पुढे, ‘चालवून तरी बघितलं होतं का? माझा वेळ फुकट घालवू नका.’ तुम्ही पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुरुस्ती सामील करून घ्यायची विनंती, बंद केलीत. मित्र म्हणतो, लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स असेच बोलायचे म्हणून लिनक्स उभं राहिलं, या क्षेत्रात कातडी जाडच लागते. हे खरं आहे का, असं तुम्ही विचारताय.

मला हे अजिबात पटत नाही. मी पवईत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात एका लहानशा लायब्ररीची (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडची) मेंटेनर आहे, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूलाही बसते. दर आठवड्याला कुणाला तरी ‘नाही, हे घेता येणार नाही’ असं लिहावं लागतं. ते लिहायलाच हवं. पण त्यासाठी समोरच्याला खाली पाडायची गरज मला आजवर पडलेली नाही.

आधी तुम्हाला आलेलं उत्तर नीट बघू, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात.

‘एकाच लिपीपुरतं आहे’ हा आक्षेप बरोबर आहे. ‘लक्ष्मण’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: ल, क्ष्म, ण. युनिकोड या सगळ्या लिपींसाठीच्या संगणकीय मानकात ते सात कोडपॉइंट, म्हणजे वेगवेगळ्या क्रमांकाची चिन्हं, आहेत, कारण दोन्ही हलन्त वेगळे मोजले जातात. ॲप कोडपॉइंट मोजून कापत होतं, म्हणून तिसऱ्यावर ‘लक्’ राहिलं. तुम्ही देवनागरीसाठी खास अट घातलीत. उद्या बंगाली, तमिळ, थाई वापरणारे येतील, त्यांच्यासाठी पुन्हा अटीच घालणार का? सगळ्या लिपींसाठी वापरायचा उपाय म्हणजे ग्राफीम क्लस्टर, वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणारा कोडपॉइंटचा गट. त्यातही एक बारकावा आहे. जुन्या नियमांप्रमाणे चालणारी लायब्ररी असेल तर जोडाक्षर हलन्तापाशी तरीही तुटतं. देवनागरीसारख्या लिपींमधली जोडाक्षरं अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला. तुमच्या ॲपमधली लायब्ररी त्याआधीची असेल तर ती बदलावी लागेल.

हे त्या मेंटेनरला माहीत असेल का? कदाचित नसेलही. ‘लक्’ बघून पोटात ढवळतं ते मराठी वाचणाऱ्याच्या. म्हणजे या बगसाठी त्या प्रकल्पात सगळ्यात कामाचा माणूस तुम्ही होतात, आणि एका वाक्यापायी तुम्ही निघून गेलात. अशा भाषेची खरी किंमत ही आहे. ती कुठे नोंदली जात नाही, कारण जाणारा भांडून जात नाही. तो फक्त परत येत नाही.

टोरवाल्ड्स यांचा दाखला लोक नेहमी अर्धाच देतात. डिसेंबर 2012 मध्ये त्यांनी एका जुन्याजाणत्या मेंटेनरला शिवी घालून ‘तोंड बंद कर’ असं जाहीर ईमेलमध्ये लिहिलं होतं. मुद्दा असा होता की कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, बदलामुळे लोकांचे चालू प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. हा नियम सोन्यासारखा आहे. कित्येक वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या कर्नलवर चालतो तो याच हट्टामुळे. पण हट्ट आणि शिवी एकाच ईमेलमधून आल्या, म्हणून बघणाऱ्यांनी दोन्हींना सारखंच श्रेय दिलं.

पुढचं मात्र तुमच्या मित्राच्या कानावर आलेलं दिसत नाही. कर्नलमधला यूएसबी 3.0 चा ड्रायव्हर (ती उपकरणं चालवणारा कोड) सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी 2013 मध्ये या भाषेवर उघड आक्षेप घेतला आणि 2015 मध्ये कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. तांत्रिक टीका कितीही निर्दय असो, माणसाचा मान राखला जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. तांत्रिक मान मिळतो, पण माणूस म्हणून मान मागायचीही सोय नाही, अशा ठिकाणी आता काम करू शकत नाही, असं त्यांनी लिहिलं. सप्टेंबर 2018 मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी कर्नलच्या 4.19 आवृत्तीच्या चौथ्या आरसीबरोबर (प्रकाशनाआधीच्या चाचणी आवृत्तीबरोबर) पाठवलेल्या पत्रात माफी मागितली. ईमेलमधले आपले हल्ले अव्यावसायिक आणि अनाठायी होते हे मान्य केलं आणि काही आठवडे बाजूला झाले. त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये 4.19 त्यांच्याऐवजी कर्नलचे दुसरे मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढलं. त्यानंतर कर्नल ढिला पडला का? दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येतेच आहे आणि प्रोग्राम न तोडण्याचा नियम आजही तसाच आहे.

टोरवाल्ड्स अगदी मवाळ झाले असंही नाही. ऑगस्ट 2025 मध्ये रिस्क-व्ही या प्रोसेसर प्रकारासाठी आलेले बदल त्यांनी ‘गार्बेज’ म्हणत परत पाठवले. शब्द मला आवडला नाही. पण त्यासोबत कारणं होती: बदल फार उशिरा आले, आणि दोन 16 बिटी आकडे जोडून 32 बिटी करणारं एक मदतनीस फंक्शन सगळ्यांच्या सामाईक फाइलमध्ये घातलं होतं, ज्याच्या नावावरून कुठला आकडा वरच्या अर्ध्यात जातो तेच कळत नव्हतं. हे वाचून पुढे काय करायचं ते कळतं. ‘माझा वेळ फुकट घालवू नका’ यातून काय दुरुस्त करणार?

आणखी एक गोष्ट. प्रमुख जसा बोलतो तसे खालचे बोलायला लागतात. त्याची तीस वर्षांची मेहनत उचलता येत नाही, त्याचा कडवटपणा मात्र एका दिवसात उचलता येतो. मग दोनच कमिट (कोडमधले बदल) केलेला मुलगाही नवख्याला ‘आधी डॉक्युमेंटेशन वाच’ म्हणून उडवून लावतो. लोक प्रकल्पच सोडतात असंही घडलं आहे. 2009 मध्ये डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीने ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीऐवजी तिचा ईग्लिबसी हा फोर्क, म्हणजे वेगळी चालवलेली प्रत, घेतला. त्यामागे मूळ प्रकल्पाचा बाहेरच्यांशी असलेला ताठर व्यवहार हे एक मोठं कारण होतं. ग्लिबसीचा कारभार बदलल्यावर, 2014 मध्ये, डेबियन परत आलं.

आपल्या मुलांना हे जास्त का लागतं, याबद्दल माझं एक मत आहे. इंजिनीअरिंगला सबमिशनच्या आठवड्यात सरांनी जर्नल बाजूला सारलं की आपण ‘सॉरी सर’ म्हणतो आणि रात्री बसून पुन्हा लिहितो. व्हायव्हामध्ये सर चुकले तरी कुणी बोलत नाही, कारण मार्क त्यांच्या हातात असतात. चार वर्षं ही सवय अंगात मुरते. मग परदेशातला मेंटेनर फटकन काही लिहितो, तेव्हा त्याला बऱ्याचदा उलट उत्तराची अपेक्षा असते. आपल्याला मात्र तो निकाल वाटतो. आपण वाद घालत नाही, खिडकी बंद करतो. दोष मुलांचा नाही, पण ही सवय मोडावी लागेल. मेंटेनर तुमचा परीक्षक नाही.

मेंटेनरची बाजूही सांगते, कारण ती रोज जगते. बहुतेकांना याचे पैसे मिळत नाहीत, आणि वापरणारे हक्काने ओरडतात. फाइल लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीचं उदाहरण भयंकर आहे. तिचा एकटा मेंटेनर आधीच थकलेला होता. 2022 मध्ये काही खात्यांवरून त्याला ‘पॅच इतके रखडतात का, दुसऱ्या कुणाला तरी घ्या’ असे टोचणारे संदेश येत राहिले. ती खाती बहुधा बनावटच होती. मदतीला पुढे आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याकडे अधिकार गेले आणि 2024 मध्ये त्याच खात्याने लायब्ररीत चोरदरवाजा घुसवला. दूरच्या संगणकावर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खणून काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांच्यामुळे तो पकडला गेला. माणसाला बोलून बोलून वाकवता येतं, हे त्या हल्लेखोरांना पक्कं ठाऊक होतं.

आता तुमचं. पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडा. टोमण्याला उत्तर देऊ नका, माफीही मागू नका. एवढंच लिहा: ‘एका लिपीपुरता उपाय नको हे मान्य. ग्राफीम क्लस्टर वापरून नवा पॅच देत आहे. लक्ष्मण, मुंबई, ज्ञानेश्वर या शब्दांसाठी टेस्ट जोडल्या आहेत. लायब्ररीची आवृत्ती युनिकोड 15.1 च्या आधीची असेल तर जोडाक्षरं तुटतील, त्याबद्दल तुमचं मत हवं आहे.’ पुन्हा तसंच हिणवणारं उत्तर आलं, तर प्रकल्पाची आचारसंहिता बघा. त्यात तक्रारीचा पत्ता दिलेला असेल तर तिथे शांतपणे लिहा. पत्ताच नसेल, तर तिथे आणखी रात्री घालवू नका. लायसन्स तुम्हाला फोर्क करायची मुभा देतं आणि मराठी वापरणाऱ्यांना तुमची दुरुस्ती तिथूनही मिळेल. फॉस युनायटेड या ओपन सोर्स संस्थेच्या मुंबईतल्या मीटअपलाही या, तिथे बाजूला बसून कोड दाखवता येतो.

पॅचची लिंक इथे खाली टाका. बंगाली आणि तमिळच्या टेस्टसाठी कुठले शब्द घ्यायचे, ते मी त्या भाषा वाचणाऱ्या सहकाऱ्यांना विचारून कळवते.