मुलगा वंदनेला बसत नाही, घरात धम्माचे संस्कार कसे द्यायचे?

जय भीम ताई. मुलगा ९ वर्षांचा, वंदनेला कंटाळतो आणि मिस्टर म्हणतात सक्ती करा, असं लिहिलंय तुम्ही. मी ऐरोलीची, घरी दोन पोरं. सक्ती अजिबात नको. पाठांतर काय, विहारात चार पोरांसोबत बसला की होऊन जातं.

खरी परीक्षा पंचशीलातल्या चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला असते. सकाळी मुसावादा वेरमणी म्हणायचं आणि दुपारी फोन आला की पोरालाच सांगायचं "पप्पा घरी नाहीत म्हण", मग त्याने काय समजायचं? मज्झिम निकाय या पाली ग्रंथात भगवान बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला केलेल्या उपदेशाची सुरुवातच खोटं बोलण्यापासून आहे. भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून भगवान म्हणाले, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही त्याचं श्रमणपण (भिक्खूपण) एवढंच, मग ते पाणी ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, आणि थट्टेतही खोटं नको म्हणाले. पुढे सांगितलं, काही करायच्या आधी, करताना आणि केल्यावर बघ, यात स्वतःला किंवा दुसऱ्याला त्रास आहे का. मोबाईलवरून भांडण झालं की मी न्याय करायच्या आधी हेच विचारते. धाकटा कधीकधी सरळ म्हणतो "हो, त्रास द्यायलाच केलं". चालेल, खरं तरी बोलतो.

आणि सिगालोवाद सुत्त, म्हणजे भगवानांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेला उपदेश, मिस्टरांना वाचायला द्या हं. त्यात आईवडिलांची कर्तव्यं आहेत, वाईटापासून रोखा, चांगल्याला लावा, कसब शिकवा, वेळेवर वारसा द्या वगैरे (लग्न लावून देणंही आहे, ते आता पोरं बघतील), पण त्यातच नवऱ्याने बायकोचा मान ठेवावा, घरचा अधिकार तिला द्यावा असंही आहे, आणि कामाच्या माणसांना झेपेल तेवढं काम, पगार, आजारपणात काळजी, सुट्टी. म्हणजे कामवाल्या मावशी आजारी पडल्या आणि आपण खाडा धरून पैसे कापले की पोरगं तेही शिकतंच.

विपश्यनावाल्यांची मुलांसाठी आनापानाची (श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाची) छोटी शिबिरं असतात, फी नसते, विचारून बघा. नाहीतर तुमच्या कळव्यात वर्षावासात, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, एखाद्या विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू असेल तिथे न्या आणि एखादा परिच्छेद त्यालाच वाचू द्या म्हणून सांगा. माईक हातात आला की कंटाळा जातो, आमच्याकडे तरी गेला.