मेटलर्जीवाल्यांनी बायोमटेरियल्सच्या पीएचडीला जर्मनीत यावं का

तू विचारलंयस की ऐरोलीत वाढले, मेटलर्जीत एमटेक झालंय, बायोलॉजी दहावीनंतर सुटली, आता हाडांच्या स्कॅफोल्डवर, म्हणजे हाड वाढायला आधार देणाऱ्या सच्छिद्र सांगाड्यावर, जर्मनीत पीएचडीची ऑफर आहे तर जाऊ का. जा. मी कोपरखैरण्याचा, आता जर्मनीतच एर्लांगनला असतो, याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बायोलॉजीचं टेन्शन आधी सोड. बायोमटेरियल्स म्हणजे शरीरात बसवायचं साहित्य, आणि हे फील्ड उभं केलं तेच मटेरियल्सच्या माणसांनी. लॅरी हेंच सिरॅमिक्सवाले, 1969 मध्ये फ्लोरिडाला त्यांनी बायोग्लास बनवली, वजनाने 45% सिलिका आणि बाकी सोडियम, कॅल्शियमचे ऑक्साइड, थोडं फॉस्फरसचं, आणि ती काच हाडाला चक्क चिकटली. आमच्या एर्लांगनचे प्रोफेसर आल्डो बोकाचिनी मूळचे अर्जेंटिनाचे, शिकले न्यूक्लियर इंजिनियरिंग, मग आखेनला पीएचडी, लंडनला इंपीरियल, आणि मग इथे बायोमटेरियल्सची इन्स्टिट्यूट.

तुझं सिंटरिंगचं, म्हणजे पावडर न वितळवता तापवून घट्ट जोडण्याचं, ज्ञान पहिल्या दिवसापासून कामाला येईल. स्पंजसारखा फोम काचेच्या पावडरच्या पातळ लगद्यात बुडवायचा, भट्टीत फोम जळून जातो आणि सच्छिद्र सांगाडा उरतो, पण 45एस5, म्हणजे हेंचची तीच बायोग्लास, सिंटर करताना क्रिस्टल होते, ताकद वाढते तशी हाडाशी जुळायची क्रिया मंदावते, हे गणित तुला बायोलॉजीवाल्यांपेक्षा लवकर कळेल. नंतर 37 डिग्रीला, पीएच 7.4 च्या, शरीरातल्या द्रवासारख्या कृत्रिम द्रावात ठेवून वर अ‍ॅपेटाइट (हाडात असतं तसं खनिज) आलं की लोक खूश होतात, पण तेवढ्यावर शरीरात हाड वाढेलच असं नाही गं. पेशींवर तपासावं लागतंच. आणि ताजी बायोग्लास मीडियमचा, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या द्रावाचा, पीएच इतका चढवते की पेशी मरतात, आधी भिजवून ठेवावी लागते, अशा गोष्टी स्वतःच्या हाताने पेशी वाढवल्याशिवाय (कल्चर) अंगात मुरत नाहीत.

म्हणून प्रोफेसरांना आत्ताच मेल करून विचार की सेल लॅब इन्स्टिट्यूटची स्वतःची आहे का मेडिकलवाल्यांवर अवलंबून राहायचं, शिकवणार कोण, आणि मी स्वतः करणार की सॅम्पल बनवून दुसऱ्याला देणार. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा ग्रुप बघ, मी तरी हेच करेन.

पैशाचं म्हणशील तर पगार ई13 या सरकारी वेतनश्रेणीवर असतो पण बऱ्याचदा अर्ध्या किंवा पाऊण पदाचा, ते टक्के आणि काँट्रॅक्ट किती वर्षांचं हे लेखी घे. खर्च भागेल एवढा पगार असेल तर 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी खर्चाची तजवीज दाखवायचं खातं) अडकवायला साधारण लागत नाहीत, ते मुख्यतः स्टुडंट व्हिसावाल्यांसाठी. आणि टेम्पररी काँट्रॅक्टवर पीएचडीआधी 6 आणि नंतर 6 वर्षं अशी कायद्याची मर्यादा आहे, पुढे प्रोफेसर व्हायचं डोक्यात असेल तर हे आत्तापासून धरून चाल, कायमच्या जागा फार थोड्या.

लॅबमध्ये इंग्लिश चालतं, घरमालक आणि डॉक्टरकडे नाही. जर्मन आत्ताच सुरू कर, क्लाससाठी रोज काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनापर्यंत लोकलने लटकत जायची गरज नाही, ऑनलाइन क्लासही चालेल.

आईबाबांना काँट्रॅक्ट दाखव, नोकरी आहे कळलं की निम्मी काळजी जाते. जर्मन मजकूर अडला तर मला पाठव, वाचून सांगतो.