‘बघायचं आणि गप्प बसायचं, हे कसलं काम?’

ताई, नमस्कार.

तुमची लेक सांगलीत कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि कोठडीतला छळ रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामात जायचं म्हणते. तुम्ही विचारलंत, “तुरुंगात जाऊन माराचे वळ बघायचे आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हे कसलं काम?” तुमचा प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

युरोपात स्ट्रासबर्गला छळ प्रतिबंध समिती आहे. छळ रोखण्याचा १९८७चा युरोपीय करार १९८९मध्ये अमलात आला, तेव्हापासून ती काम करते. करारातल्या देशांत ती पोलीस कोठडी, तुरुंग, मनोरुग्णालय कुठेही जाऊ शकते, कैद्याशी एकांतात बोलू शकते. दार उघडणं, कागद दाखवणं हे सरकारचं सहकार्य. बदल्यात समिती अहवाल त्या सरकारलाच देते, आणि सरकारने होकार दिला तरच तो छापला जातो. ही अट नसती तर अनेक देशांनी दारच उघडलं नसतं.

शिवाय, जो माणूस बोलला तो रात्री त्याच पहारेकऱ्यांच्या ताब्यात असतो. त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याची ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही, हे करारातच लिहिलंय. हे मौन आधी त्याच्यासाठी आहे.

पण ते बिनशर्त नाही. सरकार सहकार्य करत नसेल किंवा सांगूनही सुधारत नसेल, तर दोन तृतीयांश सदस्यांच्या मताने समिती जाहीर निवेदन काढू शकते. पहिलं निघालं तुर्कस्तानबद्दल, १५ डिसेंबर १९९२ला. त्यात अंकारा पोलीस मुख्यालयातल्या एका बुटक्या पलंगाचं वर्णन आहे. दोन्ही बाजूंना चार-चार पट्टे. विजेचे झटके देताना आपल्याला कशाला बांधलं होतं, हे लोकांनी सांगितलं होतं, आणि पलंग तंतोतंत तसाच निघाला. मी विद्यार्थ्यांना हा पलंग नेहमी सांगतो. या कामात वक्तृत्वापेक्षा नजर लागते, आणि ऐकलेलं ताडून बघायची चिकाटी.

आता आपल्याकडचं. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७मध्ये सही केली, पण अनुमोदन, म्हणजे तो पाळायची बांधिलकी, अजून दिलेलं नाही. तुरुंगभेटींची मुभा देणारा त्याला जोडलेला पुढचा करार आहे, त्यातही आपण नाही. मला हे मनापासून खटकतं. म्हणून तिची सुरुवात इथूनच व्हावी : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांना कायदेशीर मदत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून अशा लोकांबरोबर काम करतो, त्यांच्याकडे चौकशी करा. अटक करताना पोलिसांनी काय पाळायचं हे सांगणारा, डी. के. बसू खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६चा निकाल तिने मुळातून वाचावा. इंग्रजी पक्की करून फ्रेंच आत्ताच सुरू करावी, रेडक्रॉसही कैद्यांना भेटतं, त्या कामात ती फार उपयोगी पडते.

तुमच्या काळजीबद्दल एकच सांगतो. ती सुट्टीला घरी येईल आणि एखाद्या दिवशी ताटावर गप्प बसेल. तुम्ही विचाराल, ती सांगणार नाही, आणि तुम्हाला लागेल. त्या वेळी तिला खोदून विचारू नका, एक भाकरी जास्त वाढा.

या उन्हाळ्यात दोन महिने तिला तुरुंगातल्या मदत केंद्रात जाऊ द्या. मग दोघी मिळून मला लिहा.